कपारीतलं बिऱ्हाड

ऑक्टोबरात पहाटे पाचला उठलं की शहापुरात अजून काळोख असतो. आसनगाव स्टेशनकडे निघालेल्या मोटारसायकलींचे आवाज तेवढे येतात. मेलबर्नमध्ये त्या वेळी सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. तिथल्या कॉलिन्स स्ट्रीटवरच्या ३६७ क्रमांकाच्या इमारतीला, रस्त्यापासून तीसहून अधिक मजले वर, एक अरुंद कड आहे. त्या कडेवर लाकडी पेटी, पेटीत बारीक खडी आणि खडीवर पांढऱ्या लवेची पिल्लं एकमेकांना चिकटून पडलेली. शेजारी त्यांची आई पायाखाली दाबलेल्या पाखराची पिसं उपटत असते. वाऱ्याने एखादं पीस थेट कॅमेऱ्याच्या काचेवर येऊन बसतं. हे सगळं मी अंथरुणात बसून मोबाइलवर बघतो.

माझी भाची तिकडे नोकरीला आहे. ती रोज त्याच रस्त्याने ऑफिसला जाते आणि वर मान करून बघते, पण खालून काहीच दिसत नाही. मग तिनेही कॅमेऱ्याचीच वाट धरली आणि मला लिंक पाठवली. सोबत एकच ओळ होती : "मामा, आपल्या माहुलीच्या कड्यांवर असतात तेच ना हे?"

तेच. म्हणजे जात तीच, पोटजात वेगळी. बहिरी ससाणा हा अंटार्क्टिका सोडून पृथ्वीवरच्या प्रत्येक खंडात राहणारा पक्षी. मेलबर्नच्या इमारतीवर त्याची ऑस्ट्रेलियातली पोटजात राहते, आपल्या सह्याद्रीत शाहीन. शाहीन आकाराने थोडा लहान, पण अंगाने भरलेला. डोक्यावर काळी टोपडी, गालांवर उतरलेले काळे कल्ले, गळा पांढरा आणि छातीपासून खाली विटकरी तांबूस रंग. हा तांबूसपणा उन्हात झळकला की दुसऱ्या कुठल्या पक्ष्याशी गल्लत होत नाही. शास्त्रात याची पहिली नोंद झाली तीही मोठी मजेशीर जागी. श्रीलंका आणि सुमात्रा यांच्या दरम्यान, भर समुद्रात एका जहाजावर एक तरुण शाहीन पकडला गेला आणि त्यावरून कार्ल सुंडेव्हाल या स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञाने १८३७ मध्ये त्याचं वर्णन केलं. प्रत्यक्षात हा पक्षी दर्यावर्दी नाही. तो आपला कडा सहसा सोडत नाही. हिवाळ्यात आपल्याकडे बहिरी ससाण्याचे उत्तरेकडचे भाऊबंदही येतात, थेट टुंड्रातून, आणि मोबाइलच्या टॉवरवर किंवा धरणाच्या भिंतीवर बसलेले दिसतात. मार्चच्या सुमाराला ते परत जातात. शाहीन बारा महिने इथलाच.

ससाण्याची आणि माणसाची ओळख फार जुनी. अमरकोशात श्येनाला शशादन म्हटलंय, म्हणजे ससा खाणारा. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने मानसोल्लास हा ग्रंथ रचला. मराठीच्या अभ्यासकांना तो परिचयाचा आहे, कारण त्यात जुन्या मराठीतल्या ओळी सापडतात. त्याच ग्रंथात श्येनविनोद आहे : शिकारी पक्षी कसे धरावेत, कसे शिकवावेत, कसे उडवावेत. राजेरजवाड्यांना हा पक्षी हातावर बसलेला पूर्ण ठाऊक होता. त्याची झेप, त्याची भूक, त्याचा रुसवाही. कपारीतलं त्याचं घर मात्र मूठभर अभ्यासकांनी, लपणीत दिवस काढून पाहिलं, तेवढंच. शिकारी म्हणून आपण त्याला हजार वर्षं ओळखतो. त्याचा संसार सामान्य माणसाच्या नजरेला पडला तो घरट्यांवर कॅमेरे बसले तेव्हापासून. मला या प्रकरणात त्या संसाराविषयीच सांगायचं आहे.

घरटं म्हणायचं ते सवयीने. ससाणा एक काडी आणत नाही. माती, वाळू किंवा खडी असलेली कपार शोधायची, छाती जमिनीला टेकवायची आणि पायांनी मागे उकरत उथळ वाटीएवढा खळगा करायचा, की झालं बाळंतिणीचं अंथरूण. नुसत्या दगडावर किंवा पत्र्यावर अंडी टिकत नाहीत, ती घरंगळतात किंवा गारठतात. मेलबर्नच्या इमारतीवर १९९१ मध्ये या पक्ष्यांनी पहिल्यांदा बिऱ्हाड केलं तेव्हा नेमकं हेच झालं. अंडी घातली पावसाच्या पाण्याच्या पत्र्याच्या पन्हळीत, आणि ती गेली. व्हिक्टर हर्ली या संशोधकाने मग तिथे खडी भरलेली पेटी ठेवली आणि त्या पेटीत पुढे पिढ्या वाढल्या. एवढ्या मोठ्या, जगातल्या सगळ्यात वेगवान पक्ष्याला अडलं होतं ते दोन घमेली खडीसाठी.

वेगाचं सांगायचं तर सूर मारताना तो ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. एका शिकवलेल्या मादीचा वेग विमानातून सोबत उडी मारून मोजला गेला, तो ताशी ३८९ किलोमीटर भरला. पुस्तकांतून हा आकडा वाचून आपण थक्क होतो आणि मनात एक झंझावाती, क्रूर पक्षी तयार होतो. कॅमेऱ्यात दिसतो तो निराळाच.

मादी अंड्यांजवळ येते तेव्हा तिची चाल बघण्यासारखी असते. ज्या नख्यांनी हवेत पारवा धरायचा, त्या ती आत वळवून घेते. पायांच्या मुठी आवळते आणि मुठींवरच, डुलत डुलत, पाऊल टाकते. नखाचा ओरखडा अंड्याला लागू नये म्हणून. मग पोटावरची पिसं फुलवून बाजूला करते, उघड्या उबदार कातडीला अंडी टेकवते, दोनतीनदा अंग हलवून नीट बसते. अधूनमधून उठून चोचीच्या खालच्या बाजूने एकेक अंडं फिरवते. अंडी तीन किंवा चार, लालसर तपकिरी, मातीच्या नव्या मडक्याच्या रंगाची. पहिलं अंडं घातलं की ती लगेच उबवायला बसत नाही. त्याला पावसावाऱ्यापासून राखते, पण खरी बैठक तिसऱ्या अंड्यापासून धरते. त्यामुळे एक-दोन दिवसांच्या अंतराने घातलेली अंडी महिन्याभराने जवळपास एकाच वेळी फुटतात आणि पिल्लं बरोबरीने वाढतात. पहिल्यांदा कॅमेरा बघणारे लोक हळहळतात, "आई बसत का नाही?" म्हणून. ती मोजून मापून वागत असते.

नर तिच्यापेक्षा बराच लहान. जोडी शेजारी उभी राहिली की थोरली बहीण आणि धाकटा भाऊ वाटावेत. दिवसातून काही वेळा तो उबवायची पाळी घ्यायला येतो. कपारीच्या काठावर उतरतो, मान खाली घालतो, पुन्हा वर करतो आणि बारीक, चिरका, थांबत थांबत आवाज काढतो. मादीला उठायचं असेल तर ती उठते. नसेल तर तो तसाच वाकून उभा राहतो आणि मग गुपचूप उडून जातो. मी एकदा हा प्रकार सलग चार वेळा पाहिला. पाचव्यांदा ती उठली, आणि तो एवढ्या घाईने अंड्यांवर बसला की एक अंडं पोटाबाहेरच राहिलं. त्याने ते चोचीने ओढून घेतलं. त्याचं अंग लहान, चार अंडी त्याच्या पोटाखाली मावता मावत नाहीत.

पण घर चालतं ते त्याच्यावर. अंडी घालायच्या आधीपासून ते पिल्लं दोन-तीन आठवड्यांची होईपर्यंत मादी सहसा शिकारीला जात नाही. तिचं, पिल्लांचं आणि स्वतःचं, सगळ्यांचं खाणं एकटा नर आणतो. जास्तीचं मिळालं तर कड्यातल्या दुसऱ्या एखाद्या फटीत ठेवून देतो.

अंडं फुटायला दोन दिवस लागतात, कधी थोडं अधिक. आधी एक चीर, मग टवका, मग आतून चोचीची धडपड. पिल्लू बाहेर येतं तेव्हा ओलं, गुलाबी, डोळे मिटलेलं, वजन ३५ ते ४० ग्रॅम, साधारण एका मोठ्या लिंबाएवढं. पहिला घास बघाच. मादी पाखराच्या मांसाचा भाताच्या शितासारखा कण तोडते. तो चोचीच्या टोकावर धरून मान तिरकी करते आणि थांबते. पिल्लाला दिसत नसतं, मान तोलत नसते. ते डोकं वर करतं, डोकं लटपटतं, चोच चुकते, खाली आपटतं. ती पुढे घुसवत नाही. पुन्हा तितक्याच अंतरावर धरते. दुसऱ्या नाही तर पाचव्या खेपेला कण तोंडात जातो. मग दुसऱ्या पिल्लाकडे. असं वीस-वीस मिनिटं चालतं. एकेकाच्या गळ्याखालची पिशवी टम्म फुगली की ते आपोआप आडवं होतं आणि मागच्या पिल्लाला जागा मिळते. गरुडांच्या काही जातींत थोरलं पिल्लू धाकट्याला टोचून मारतं. ससाण्याच्या घरात असली भाऊबंदकी सहसा दिसत नाही.

सहा दिवसांत पिल्लाचं वजन दुप्पट होतं आणि तीन आठवड्यांत दहापट. पंधरवड्यानंतर पिल्लं पाठमोरी होऊन कडेकडे सरकतात आणि शेपूट उचलून जोरात पिचकारी बाहेर सोडतात. घर स्वच्छ राहतं, खालची भिंत पांढरी होते. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे कड्याखाली उभं राहिल्यावर तो उपयोगी पडणार आहे.

घरट्यावर कॅमेरा का आला, याच्यामागे एक दुःखद हकीकत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतांत डीडीटी फवारली जाऊ लागली. किडे पाखरांनी खाल्ले, पाखरं ससाण्याने खाल्ली, आणि विष साखळीच्या टोकाला साचत गेलं. या विषाने अंड्याचं कवच पातळ झालं. आई उबवायला बसली की तिच्याच वजनाने अंडी फुटायची. ब्रिटनमधल्या डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहालयांतली जुनी अंडी आणि नवी अंडी तोलून पाहिली आणि १९६७ मध्ये कवच हलकं होत गेल्याचं दाखवून दिलं. तोवर अमेरिकेच्या पूर्व भागात या पक्ष्याचं एकही नांदतं घरटं उरलेलं नव्हतं. १९७० मध्ये टॉम केड यांनी पेरेग्रिन फंड ही संस्था काढली, पिंजऱ्यात पिल्लं वाढवून रानात आणि शहरांत सोडली. १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली आणि १९९९ मध्ये हा पक्षी तिथल्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. शहरात सोडलेल्या ससाण्यांना उंच इमारती म्हणजे कडेच वाटले. लोकांनी त्यांना पेट्या बांधून दिल्या, पेट्यांवर नजर ठेवायला कॅमेरे बसवले आणि पुढे तेच कॅमेरे सगळ्यांसाठी खुले केले.

कॅमेऱ्यांनी तज्ज्ञांनाही शिकवलं. इंग्लंडातल्या डर्बी शहरातल्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर रात्रीही चालणारा कॅमेरा आहे. ससाणा दिवसा शिकार करतो असं पुस्तकं सांगत होती. या कॅमेऱ्यात मात्र भर रात्री ससाणा वुडकॉक नावाचं पाखरू जिवंत धरून आणताना दिसला. शहराच्या दिव्यांचा उजेड खालून वर पडतो, वरून जाणारी स्थलांतरी पाखरं त्यात उजळून निघतात आणि ससाणा अंधारात त्यांची वाट बघत असतो.

आणि एक घटना, जिच्यामुळे मी कितीतरी दिवस अस्वस्थ होतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या घंटाघरावर ॲनी आणि ग्रिनेल ही जोडी होती. कॅमेरे २०१९ मध्ये लागले आणि हजारो लोक त्यांचे शेजारी झाले. २०२१ च्या ऑक्टोबरात ग्रिनेल दुसऱ्या ससाण्यांशी झालेल्या झुंजीत जखमी झाला. प्राण्यांच्या दवाखान्यात बरा होऊन नोव्हेंबरात परत आला. पुढच्या वर्षी ३१ मार्चला तो रस्त्यावर मेलेला सापडला, बहुधा गाडीखाली येऊन. ॲनी तेव्हा अंड्यांवर होती. एकटी मादी अंडी उबवेल की पोट भरेल? बघणाऱ्यांनी आशा सोडली. त्याच दिवशी एक परका नर मनोऱ्यावर उतरला. त्याने तिला खाणं आणून दिलं आणि पुढे स्वतः अंड्यांवर बसू लागला. अंडी ग्रिनेलची होती. लोकांनी त्या नराचं नाव ऑल्डन ठेवलं. त्या हंगामात दोन पिल्लं उडाली.

याला दया म्हणावं का? अभ्यासक म्हणतील, त्याला जागा हवी होती, मादी हवी होती. खरं असेलही. मी एवढंच म्हणेन की कॅमेरा नसता तर ही गोष्ट कुणाच्या लेखी घडलीच नसती. मनोऱ्यावर एक जोडी होती आणि एक जोडी आहे, एवढंच खालून दिसलं असतं.

आता आपल्या कड्यांकडे येऊ.

शहापूरचा माहुली, मुरबाडचे गोरखगड, सिद्धगड, मोरोशीचा भैरवगड, नाणेघाट आणि माळशेजचा सगळा पडदा. हे कडे लाव्हाच्या थरांनी बनलेले आहेत, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या. एक थर ओतला गेला, निवला, मग त्यावर दुसरा. दोन थरांच्या मध्ये कुठे तांबड्या मातीची पट्टी, कुठे फुग्यांच्या पोकळ्यांनी भुसभुशीत झालेला खडक. वरचा-खालचा कातळ कणखर, मधला भाग मऊ. पावसाने मऊ भाग झिजतो आणि कड्याच्या पोटात आडवी खाच पडते. वर कातळाचं छप्पर, खाली मातीची बैठक. हीच शाहीनची कपार. मेलबर्नमध्ये पेटी आणि खडी माणसाला न्यावी लागली. इथे सगळं तयार आहे.

शाहीनचा विणीचा हंगाम डिसेंबर ते एप्रिल. मेलबर्नची पिल्लं नोव्हेंबरात उडून जातात आणि कॅमेऱ्यात रिकामी पेटी उरते, तेव्हा इथे जोडी कड्यावर सूर मारायला लागते. मला याची मोठी सोय झाली आहे. तिकडचा वर्ग सुटला की इकडची शाळा भरते. हंगामाची ही निवडही समजून घ्यावी अशी आहे. जुलैत याच कड्यांवरून धबधबे कोसळतात, कपारी पाण्याने भरतात. हिवाळ्यात त्या कोरड्या असतात, आकाश स्वच्छ असतं, भात कापून झाल्यावर मोकळ्या शेतांवर पारवे आणि होल्यांचे थवे उतरतात, राघू आणि पाकोळ्या असतातच. पावसाआधी पिल्लं उडायला शिकली पाहिजेत. पिल्लू साधारण ४८ दिवसांचं झालं की उडतं.

कुठल्या कड्यावर मी त्यांना बघतो ते लिहिणार नाही. मुरबाड तालुक्यातला आहे, एवढं पुरे. पायथ्याच्या वाडीतली ठाकर मंडळी मधाच्या पोळ्यांमुळे त्या कड्याची प्रत्येक रेघ ओळखतात. पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या बाबांनी हात लांब करून दाखवलं, "ती पांढरी घाण दिसते ना, सुन्यासारखी? तिच्या वर बघा." चुन्याचे ओघळ, ओघळांच्या वर काळी खाच. मेलबर्नच्या पिल्लांची पिचकारी आठवली आणि मी जाणलं, घर चालू आहे.

दुर्बिणीतून आतलं काही दिसत नाही. तासन्‌तास नुसता कडा बघायचा. नर येतो तो दूरवरून क्याक्-क्याक् असा ओरडत, आणि मादी खाचेतून सुटल्यासारखी बाहेर पडते. हवेतच ती त्याच्या खाली जाते, उलटी होते, त्याच्या पायातली शिकार आपल्या पायात घेते आणि वळते. सगळं तीन-चार सेकंदांत. नंतर पुन्हा कडा. पण आता मला आतलं दिसतं. ती आत जाऊन काय करत असेल, कण किती बारीक तोडत असेल, कोण आडवं झालं असेल, हे सगळं.

फेब्रुवारीच्या शेवटाला एका दुपारी असाच बसलो होतो. साडेतीन वाजले असतील. मादी खाचेच्या काठावर आली आणि बाहेरकडे पाठ करून उभी राहिली. पंख अर्धे उघडले आणि खाली सोडले, ओल्या झालेल्या छत्रीसारखे. चोच उघडी, गळा लपलपत होता. पाऊण तास ती तशीच. पूर्वी मी हे पाहून म्हटलं असतं, ऊन खातेय. मेलबर्नच्या कॅमेऱ्यात उन्हाच्या दिवशी हेच पाहिलेलं होतं म्हणून कळलं. ती पिल्लांवर सावली धरत होती.

आपल्या कड्यांचं तोंड कोकणाकडे, म्हणजे पश्चिमेला. दुपारपर्यंत कपारीचं छप्पर आत ऊन येऊ देत नाही. तीननंतर सूर्य उतरतो आणि किरण तिरपे होऊन थेट आत शिरतात. दिवसभर तापलेला काळा कातळ खालून भाजतो. मार्चमध्ये मुरबाडचा पारा चाळिशीला टेकतो. लवेच्या पिल्लाला त्या वेळी आईची सावली नसेल तर अर्धा-पाऊण तासही फार होतो. थंडीत तीच गोष्ट पहाटेची : आई उठली तर अंडी निवतात.

म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याच कड्यावर जे पाहिलं ते मला अजून खुपतं. रविवार होता. वरून दोर सोडून एक ग्रुप रॅपलिंग करत होता. दोर कपारीपासून पन्नासेक फुटांवर असेल. जोडी कड्यासमोर गोल गोल फिरत ओरडत होती. दहा वाजल्यापासून संध्याकाळी पाचपर्यंत. खाली जेवायला बसलेल्या मुलांमध्ये जाऊन बोललो. चांगली मुलं होती. त्यांना वाटलं, पक्षी मजेत उडताहेत. एकाने ड्रोनही उडवला होता आणि ससाणा ड्रोनवर झेपावला तो व्हिडिओ त्याने मला कौतुकाने दाखवला. त्यानंतर मी तीन आठवडे जात राहिलो. जोडी कड्यावर होती, पण कुणी खाणं घेऊन खाचेत गेलं नाही. त्या वर्षी एकही पिल्लू उडालं नाही.

श्रीलंकेत शाहीनच्या घरट्यांचा अभ्यास झाला आहे. तिथे हंगामाला एका घरट्यामागे सरासरी १.३२ पिल्लं उडाली. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी हाताशी एक-दोन पिल्लं. पुढच्या वर्षात त्यांतलीही काही जातात.

बरेच जण विचारतात, मग आपल्या माहुलीवर, माळशेजला असा कॅमेरा का लावत नाहीत? सौर पॅनेल आहेत, मोबाइलची रेंज कड्यावर गावापेक्षा चांगली येते. माझं उत्तर : एवढ्यात नको. मेलबर्नच्या त्या कडेवर कुणाला सहज पोचता येत नाही, खाली पहारेकरी असतो. आपल्या कपारीचा पत्ता फुटला तर पुढच्या रविवारी खाली शंभर माणसं आणि वर दोर. ससाण्याची पिल्लं चोरून विकणारेही आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हा पक्षी आहे, वाघाच्या बरोबरीने, पण प्रत्येक कड्याखाली वनरक्षक उभा करता येत नाही. कधीकाळी वनखात्याच्या परवानगीने कॅमेरा लावायचाच तर तो पावसाळा संपताच, जोडी विणीला बसायच्या आधी लागला पाहिजे, त्याची जागा गुप्त राहिली पाहिजे आणि हंगाम संपेपर्यंत त्याला हात लावता कामा नये. दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांनी जे दाखवलं त्याचा उपयोग आपल्या कड्याखाली करणं आजच्या घडीला अधिक गरजेचं आहे.

आपल्याच रानात काय काय आहे, हे आपल्याला पुरतं ठाऊक नसतं. तांसा अभयारण्याच्या रानात २०१४ मध्ये रानपिंगळा सापडला. जो पक्षी शंभरहून अधिक वर्षं नाहीसा झाला असं मानलं जात होतं आणि १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसला, तोच. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावाच्या काठचं, रोज हजारो माणसं बाजूने जातात असं हे रान. तेव्हा आपल्या कड्यांवर शाहीनची किती घरं आहेत याची मोजदाद करायची तर ती इथल्याच माणसांनी, खालून, दुर्बीण घेऊन करावी लागेल. वाडीतल्या मंडळींना विचारून सुरुवात करावी.

अमेरिकेतल्या योसेमिटीमध्ये जगभरचे गिर्यारोहक येतात. तिथे ससाण्यांची घरटी असलेले काही कडे दर वर्षी १ मार्चपासून १५ जुलैपर्यंत चढाईला बंद असतात. घरटं रिकामं दिसलं तर मुदतीआधी उघडतातही. गिर्यारोहक ते पाळतात. कड्यावर त्यांचाही जीव असतो.

आपल्याकडच्या गिर्यारोहण संस्थांना, ट्रेकच्या ग्रुपना आणि ड्रोन बाळगणाऱ्या मित्रांना माझं हात जोडून सांगणं आहे. डिसेंबर ते एप्रिल या काळात दोर लावायच्या आधी एक सकाळ कड्याखाली बसा. चुन्यासारखे ताजे ओघळ दिसले आणि त्यांच्या वर खाच असली, किंवा तुम्हाला पाहून एखादा पक्षी ओरडत घिरट्या घालू लागला, तर तो कडा त्या वर्षी सोडून द्या. फोटो काढला असेल तर त्यावर ठिकाण टाकू नका. मोरोशीला, माहुलीला, नाणेघाटाला दुसरे कातळ पुष्कळ आहेत, आणि पाऊस थांबल्यानंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दोन महिने चढाईला उत्तम असतात. एप्रिल सरेपर्यंत पिल्लं उडालेली असतात. १ मेपासून तो कडा पुन्हा तुमचाही आहे.